नवा जन्म : ख्रिस्ती श्रद्धेतील एका संकल्पनेचा मराठी प्रवास

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना सेलू तालुक्यात केळझर हे गाव लागते. टेकडीवरील गणेशमंदिरामुळे ते विदर्भात सर्वपरिचित आहे. महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, अशी येथील परंपरा आहे. लाक्षागृह जळाले, पांडव जगाच्या लेखी मृत झाले, आणि ब्राह्मणाच्या वेषात ते एकचक्रेत एका गरीब कुटुंबाच्या आश्रयाने राहिले. बकासुराचा वध भीमाने येथेच केला, असे सांगतात. मेलेली समजली गेलेली माणसे येथे दुसरे आयुष्य जगली खरी. परंतु बदलला तो वेष. आत युधिष्ठिर युधिष्ठिरच होता आणि भीम भीमच.

ख्रिस्ती धर्मात ज्याला 'नवा जन्म' म्हणतात ती कल्पना बरोबर याच्या उलट आहे. तेथे नाव, गाव, वेष, भाषा सारे तेच राहू शकते. बदलतो तो आतला माणूस. निदान तसा दावा असतो. ज्या समाजात माणसाचे पंगतीतील स्थान, विवाह, व्यवसाय आणि कित्येकदा स्मशानही जन्माने ठरत आले, तेथे 'आपला दुसऱ्यांदा जन्म झाला' असे कोणी म्हणू लागला की त्या म्हणण्याला केवळ धर्मशास्त्रीय अर्थ उरत नाही. गेल्या दोन शतकांत मराठी मुलुखात या संकल्पनेला जी धार आली, ती यामुळे.

या संकल्पनेचे मूळ योहानाच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या अध्यायात आहे. निकदेम नावाचा एक परूशी, यहुद्यांच्या वरिष्ठ सभेचा सदस्य आणि शास्त्रांचा जाणकार, रात्रीच्या वेळी येशूकडे येतो. देवाचे राज्य पाहायचे असेल तर माणसाने नव्याने जन्मले पाहिजे, असे येशू त्याला सांगतो. निकदेम गोंधळतो. म्हातारा माणूस पुन्हा आईच्या उदरात कसा जाईल, हा त्याचा प्रश्न. त्याचा गोंधळ अगदीच वेडगळ नाही. शुभवर्तमानाची मूळ भाषा ग्रीक असून तिच्यात येथे 'आनोथेन' हा शब्द आला आहे. त्याचा एक अर्थ 'पुन्हा' आणि दुसरा 'वरून'. निकदेमाने पहिला अर्थ घेतला. येशूच्या मनात दुसराही होता. हा जन्म मागील जन्माची आवृत्ती नाही, तो वरून, म्हणजे देवाकडून मिळतो. पुढे त्याच संवादात वाऱ्याचा दृष्टांत येतो. वारा आणि आत्मा या दोहोंना ग्रीकमध्ये 'प्न्यूमा' हा एकच शब्द आहे. वाऱ्याचा आवाज ऐकू येतो, पण तो कोठून आला आणि कोठे जाणार हे सांगता येत नाही; आत्म्याने जन्मलेल्याचे तसेच आहे, असा त्या दृष्टांताचा आशय. ख्रिस्ती धर्मशास्त्राने पुढे या विषयावर जे खंडच्या खंड लिहिले, ते बहुतेक या काही ओळींवरील भाष्य होय.

निकदेमाचे पुढे काय झाले? त्याच ग्रंथात तो आणखी दोनदा भेटतो. एकदा येशूची बाजू ऐकल्यावाचून त्याला दोषी ठरवू नये असे तो सभेत म्हणतो, आणि अखेरीस येशूच्या दफनासाठी मोठ्या प्रमाणात सुगंधी द्रव्ये घेऊन येतो. त्याचा नवा जन्म झाला की नाही, याविषयी शुभवर्तमान मौन पाळते.

मराठीत या कल्पनेसाठी शब्द निवडताना अडचण होती. 'पुनर्जन्म' हा शब्द आधीच कर्मसिद्धान्ताने व्यापलेला होता. तो देहान्तानंतरचा, कर्मफळ भोगण्यासाठीचा आणि ज्यातून सुटायचे असा जन्म. ख्रिस्ती अर्थ तिन्ही बाबतींत वेगळा आहे: हा जन्म याच देहात होतो, कमाईने मिळत नाही आणि त्यातून सुटायचे नसते, त्यात वाढायचे असते. म्हणून मराठी ख्रिस्ती परिभाषेत 'नवा जन्म' किंवा 'नव्याने जन्मणे' हे प्रयोग रूढ झाले. 'द्विज' हा दुसरा जवळचा शब्द. उपनयनाने होणारा दुसरा जन्म आपल्याकडे फार प्राचीन. मात्र तो ठरावीक वर्णांतील पुरुषांनाच उपलब्ध होता. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ साली धार्मिक अनुभवांवरील आपल्या ग्रंथात 'एकदा जन्मलेले' आणि 'दोनदा जन्मलेले' असे माणसांच्या मनाचे दोन प्रकार सांगितले. मराठी वाचकाला त्यातील दुसरा प्रकार ऐकून प्रथम जानवे आठवावे, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

हा जन्म नेमका केव्हा होतो, याबाबत मात्र ख्रिस्ती पंथांत एकमत नाही. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरेनुसार तो बाप्तिस्म्यात होतो. पाण्यात बुडणे हे जुन्या माणसाचे दफन आणि पाण्यातून वर येणे हे पुनरुत्थान, असा अर्थ पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात लावला आहे. तीतास लिहिलेल्या पत्रातही नव्या जन्माच्या स्नानाचा उल्लेख आहे. त्यामुळे वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक कुटुंबात तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा त्या घराच्या श्रद्धेनुसार त्याचा नवा जन्म झालेला असतो. पुढील आयुष्य म्हणजे त्या बीजाची जोपासना. अँग्लिकन आणि लुथरन परंपराही बाप्तिस्म्याशी हे नाते राखतात. इव्हँजेलिकल प्रवाहांचे म्हणणे निराळे आहे. विधी हे चिन्ह आहे. आपल्या पापाची जाणीव, पश्चात्ताप आणि ख्रिस्तावरील वैयक्तिक विश्वास यांतून आत्मा माणसाला नवे करतो, आणि हे घडल्याशिवाय बाप्तिस्म्याची नोंद केवळ नोंदच राहते, असे ते मानतात. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली हे दीक्षित पाळक होऊन बरीच वर्षे लोटल्यावर २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका प्रार्थनासभेत त्यांना तो अनुभव आला. कॉर्नवॉलचे पाळक विल्यम हॅसलम यांची गोष्ट तर याहून विलक्षण. १८५१ मध्ये स्वतःचे प्रवचन देत असतानाच त्यांचे परिवर्तन झाले. या हॅसलमसाहेबांचा संबंध पुढे पुण्याशी येणार होता.

पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. संस्कृत शास्त्रांत पारंगत अशी ही विदुषी ख्रिस्ती झाल्याची वार्ता महाराष्ट्रात मोठ्या धक्क्याने ऐकली गेली. त्यापूर्वी लंडनमधील फुलम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या धर्मभगिनींचे काम त्यांनी पाहिले होते. या स्त्रियांविषयी इतकी माया कशी, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. ही कथा योहानाच्या चौथ्या अध्यायातील, म्हणजे निकदेमाच्या लगेच पुढची आहे. तिसऱ्या अध्यायात प्रतिष्ठित पंडित रात्री लपून येतो. चौथ्यात समाजाने हिणवलेली स्त्री भर दुपारी विहिरीवर भेटते. रमाबाईंना पहिली भिडली ती दुसरी कथा. त्यांच्या बुद्धीचे समाधान करण्यात नीळकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनाचाही वाटा होता. हे गोरेशास्त्री स्वतः १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले.

तरीही बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंचे वाद संपले नाहीत. त्रैक्याचा सिद्धान्त, चमत्कार, चर्चचा अधिकार यांवर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा खरमरीत पत्रव्यवहार झाला. जुन्या धर्मपीठाचे जोखड टाकून नव्याचे मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविले. याच काळात हॅसलम यांचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. एक पाळक पाळक असूनही नव्याने जन्मलेला नव्हता, हे वाचून त्या स्वतःकडे वळल्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडलेला नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे सविस्तर नोंदविले आहे. १८९१ च्या सुमारास, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, त्यांना तो आंतरिक अनुभव आला. रमाबाईंच्या दृष्टीने त्यांचा नवा जन्म तो.

याची किंमत लगेच मोजावी लागली. शारदा सदन हे धर्मनिरपेक्ष राहील, असे आश्वासन होते. रमाबाई विद्यार्थिनींना धर्माची सक्ती करीत नव्हत्या. परंतु आपल्या खोलीत प्रार्थना करताना त्या दार बंद करीत नसत. मुली येऊन बसू लागल्या. काहींचा ओढा ख्रिस्ताकडे वळला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या सहानुभूतीदार सुधारकांनीही १८९३ मध्ये सल्लागार मंडळ सोडले, आणि 'केसरी'ने तर आधीपासूनच टीकेची झोड उठविली होती. दोन्ही बाजूंचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पालकांनी विश्वासाने पाठविलेल्या बालविधवांच्या बाबतीत रानडे-भांडारकरांना जबाबदारी वाटली. रमाबाईंच्या लेखी, ज्या अनुभवाने आपण जगलो तो दाराआड लपविणे ही प्रतारणा ठरली असती. विधी झाला तेव्हा सुधारकांनी रमाबाईंना पूर्णपणे सोडले नव्हते. विधी मागे पडून आतला माणूस बदलला, तेव्हा मैत्री तुटली.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना आपल्याबरोबर घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. १९०५ मध्ये तेथे मोठे 'जागरण' झाले. मुली रडत, पापे कबूल करीत, तासन् तास प्रार्थना करीत. या भावनावेगाकडे अनेक मिशनऱ्यांनीही साशंकतेने पाहिले आणि ती शंका गैर नव्हती. सामूहिक आवेग आणि वैयक्तिक परिवर्तन यांतील सीमारेषा पुसट असते. रमाबाईंचे शेवटचे मोठे काम मात्र शांत बसून करायचे होते. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. मुक्तीच्या छापखान्यातून ते भाषांतर १९२४ मध्ये बाहेर पडले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची वाट थेट विदर्भातून गेली. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत ग्रंथांच्या कामावर असलेले टिळक पुढे नोकरीसाठी राजनांदगावकडे निघाले. १८९३ च्या त्या रेल्वेप्रवासात त्यांना अर्नेस्ट वॉर्ड हे फ्री मेथडिस्ट मिशनरी भेटले. कवितेवरून गप्पा निघाल्या आणि उतरताना वॉर्ड यांनी त्यांना 'नव्या करारा'ची प्रत दिली. टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी परदेशी नाव घेतले नाही की परदेशी पेहराव. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. जिवंतपणीच स्वतःचा अंत अनुभवल्याचे आणि त्यातून उजळून निघाल्याचे तुकोबांनी सांगितले आहे. मराठी माणसाला नव्या जन्माचा अर्थ कळण्यास परदेशी टीकाग्रंथांपेक्षा तेवढी खूण अधिक जवळची, हे टिळकांनी ओळखले होते.

पण एकाचा नवा जन्म म्हणजे दुसऱ्याच्या संसाराचा मृत्यू, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'इतके स्पष्ट कोठेच दिसत नाही. नवरा बाटला, म्हणजे तो असून नसल्यासारखा. शास्त्रानुसार जातिबहिष्कृताचा 'घटस्फोट' केला जाई, म्हणजे त्याच्या नावाने घागर फोडून तो मेला असे मानले जाई. इंग्रज सरकारला यासाठी कायदे करावे लागले. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क राखला. १८६६ च्या कायद्याने, जोडीदार धर्मांतरामुळे नांदण्यास नकार देत असेल तर, विवाहबंधनातून सुटण्याचा मार्ग धर्मांतरिताला दिला. टिळकांनी ती वाट धरली नाही. सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई मुलासह त्यांच्याकडे आल्या, त्याही स्वतःची चूल आणि सोवळे वेगळे ठेवून. त्यांचे परिवर्तन कोणा प्रवचनाने झाले नाही. आधी मनातील शिवाशिव गळून पडली. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आत जे घडायचे ते बरेचसे घडून गेले होते. रमाबाईंच्या बाबतीत विधी आधी आणि अनुभव मागून आला; येथे क्रम उलटा आहे.

टिळकांचेही परिवर्तन १८९५ मध्ये संपले नाही. 'ज्ञानोदय'चे संपादन, अभंग, कीर्तने यांत रमलेल्या या कवीला मिशनच्या पगारी चौकटीत कोंडल्यासारखे होऊ लागले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे काम सोडून संन्यस्त वृत्ती पत्करली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्म्याचे पाणी हीच ख्रिस्तभक्तीची सीमा, असे त्यांना वाटेनासे झाले होते. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

सर्वांचाच अनुभव एका क्षणाचा नसतो. बेळगावचे बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले आणि 'यमुनापर्यटन'कार म्हणून मराठी कादंबरीच्या इतिहासात गेले. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी 'अरुणोदय' हे नाव दिले. पहाट हळूहळू होते. नेमक्या कोणत्या मिनिटाला उजाडले, हे सांगता येत नाही. साक्षी देताना दिवस आणि घटका मागणाऱ्या उत्साही मंडळींना हे एका शब्दाचे उत्तर पुरेसे आहे.

केळझरच्या वाटेवर पुन्हा यायचे तर नागपुरात १८४५ पासून फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप काम करीत होते. ते भूगर्भशास्त्रज्ञही होते. त्यांच्या शाळेत येणाऱ्यांच्या मानाने बाप्तिस्मा घेणारे थोडे होते. त्यांच्या पंथात आंतरिक परिवर्तनाचा आग्रह कडक होता, आणि बाप्तिस्मा घेणाऱ्याला घरदार गमवावे लागे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी याच भागातील टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात त्यांचा अंत झाला. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्या नावाचे.

याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, वर्ध्यात आणि सेवाग्रामात, गांधीजींनी ख्रिस्ती मिशनऱ्यांशी या विषयावर वारंवार चर्चा केली. हृदयपरिवर्तन हा माणूस आणि देव यांच्यातील व्यवहार आहे, त्यासाठी धर्माची पाटी बदलण्याची गरज नाही, ही त्यांची भूमिका होती. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम उभारणारे जे. सी. कुमारप्पा हे त्यांचे निष्ठावान सहकारी स्वतः ख्रिस्ती होते आणि येशूच्या शिकवणीचा अर्थ ते चरखा, घाणी आणि हातकागदाच्या कामात शोधीत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना गांधीजींचे उत्तर पुरेसे वाटले नाही. ज्याच्या पहिल्या जन्मावरच समाजाने शिक्का मारला आहे, त्याला केवळ हृदयपरिवर्तन सांगून भागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी दीक्षा घेतली व दिली. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांपैकी एकीत, आपण नव्याने जन्म घेत आहोत असे दीक्षार्थी मान्य करतो. येथे देवाच्या कृपेचा प्रश्न नाही. हा जन्म माणसाने स्वतःच्या निश्चयाने घ्यायचा आहे. ख्रिस्ती कल्पनेशी त्याचा मूलभूत भेद तो हाच. शब्द मात्र तोच.

त्या दिवशी दीक्षा घेणाऱ्यांत नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी होते. तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी १९५४ मध्ये जी समिती नेमली, तिचे ते अध्यक्ष. धर्मांतरावर कायद्याचे नियंत्रण असावे, असा अहवाल त्यांनी १९५६ मध्ये दिला आणि त्याच वर्षी स्वतःचा धर्म बदलला. यात विसंगती पाहणारे आहेत, सक्तीचे धर्मांतर आणि विवेकाने केलेले धर्मांतर हा भेद पाहणारेही आहेत. अहवालाच्या वाटेने मध्य प्रदेशात १९६८ चा कायदा झाला. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये त्याच संदर्भात दिला.

कायद्याला दिसतो तो विधी, साक्षीदार आणि तारीख. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशाचा लाभ बौद्धांना १९९० पासून मिळतो, ख्रिस्ती झालेल्या दलितांना मिळत नाही. कारण ख्रिस्ती धर्मात जात नाही, असे गृहीत धरले आहे. चर्चमध्ये आणि चर्चबाहेर जात किती शिल्लक आहे, हे अहमदनगर-जालना भागातील ख्रिस्ती वस्त्यांतील माणसे सांगू शकतात. वरून मिळालेल्या जन्माने खालचा जन्म पुसला, असे मानले तर सवलत जाते. पुसला नाही असे म्हटले, तर रविवारच्या प्रवचनाचे काय करायचे, हा प्रश्न त्यांच्या पाळकांपुढे उरतोच.